जवादचा पहिला भाग

सकाळी साडेनऊला फोन वाजला तेव्हा सुहैर पोरीच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती.

"बाई, लवकर या." पलीकडे स्टुडिओचा राखणदार आशूर होता. "रिहाबबाई खाली जिन्याच्या पायथ्याशी पडल्यात. उठत नाहीयेत." जरा थांबून तो म्हणाला, "उठायच्याही नाहीत आता."

सुहैरनं नायाला शेजारणीच्या कुशीत दिलं आणि तशीच निघाली.

लुवैब्देच्या टेकडीवरच्या त्या इमारतीचं तळघर म्हणजेच स्टुडिओ. यंत्रांसाठी तिथं बारा महिने कडाक्याचा गारवा सोडलेला असे. अकरा वर्षं सुहैर त्या गारठ्यात बसून लोकांचे आवाज टिपत होती. त्यातला सगळ्यात लाडका आवाज आता शेवटच्या पायरीखाली निपचित पडला होता. डोक्यामागं रक्त सुकून काळं झालेलं. कुणीतरी डोळे मिटले होते, अंगावर राखणदाराची जुनी शाल होती.

रिहाब चाळिशीची, एका मुलीची आई. पण माइकसमोर उभी राहिली की ती दहा वर्षांचा पोरगा व्हायची. 'जवाद आणि सात बेटं' या कार्टून मालिकेतला खलाशाचा पोर जवाद म्हणजे तीच. पहिला भाग ईदच्या सकाळी दाखवायचा होता. ईदला चार दिवस उरले होते.

तपासाला कॅप्टन जुहदी आला. रोज्यानं ओठ फुटलेला, मिशीतल्या मिशीत बोलणारा माणूस. त्यानं आधी दिग्दर्शक वदाहला समोर बसवलं.

"तिला शेवटचं कधी पाहिलंत?"

"काल रात्री. पहिल्या भागातला शेवटचा प्रसंग राहिला होता. रोजा सुटल्यावर तिला मी गाडीत घेऊन आलो, मागच्या दारानं."

"किती वाजता?"

"साडेआठ. येताना गोड कतायेफ घेतले होते गरम गरम. दोन खाल्ले तिनं माझ्यासमोर, वर दोन पेले पाणी. मग प्रसंगाला आवाज दिला." त्यानं बोटानं माइकजवळचा अर्धा पेला दाखवला. "साडेनऊला मी निघालो. ती म्हणाली, मी टॅक्सी बोलावते."

"नंतर तुम्ही कुठं?"

"चॅनेलच्या मंडळींकडं. पहाटेच्या जेवणापर्यंत. वीस जणांनी पाहिलंय."

"मशीन कुणी चालवलं?"

"मीच. उम्म नायाची पोरगी आजारी, ती काल आलीच नाही."

कॅप्टन सुहैरकडं वळला. नायाची आई म्हणून सगळे तिला उम्म नायाच म्हणत. "उम्म नाया, हे मशीन वेळ लिहून ठेवतं का?"

"ठेवतं. आपणहून."

"बघा बरं."

तिनं बघितलं. रात्रीचे नऊ वाजून बारा मिनिटं. तिनं आकडा मोठ्यानं वाचला.

मग आशूर. फय्यूमकडचा मिसरी माणूस, पोटासाठी परदेशात आलेला, पन्नाशीचा. सदऱ्याच्या बाहीला रक्त.

"हे कुठनं आलं?"

"डोळे मिटले ना तिचे. मान उचलून सरळ केली."

"काल कुठं होतास?"

"चारपासून मशिदीत. रोजेदारांच्या पंगतीला कांदा चिरत होतो. आठला परत आलो."

"आणि रात्री कोण आलं?"

"उस्ताज वदाह. एकटे."

"रिहाबबाई?"

"नाही आल्या."

"मागच्या दारानं आली असेल."

"मागचं दार माझ्या खाटेच्या उशाशी आहे, साहेब. मांजर आलं तरी मला कळतं."

"हो? मग मशीनमध्ये रात्री नऊला कोण बोललं, तुझं मांजर?"

कोपऱ्यातला शिपाई फिसकन हसला.  डॉक्टरनं तात्पुरतं लिहून दिलं होतं की डोकं फुटून मृत्यू, तळघराच्या थंडीमुळं वेळ सांगणं अवघड. दुपारी चार ते रात्री अकरा, काहीही. रात्री साडेनऊनंतर इमारतीत आशूर सोडून कोणी नव्हतं. त्याच्या हातात बेड्या पडल्या.

जिन्यावरून नेताना त्यानं मागं वळून पाहिलं. "बाई, तुमचं मशीन खोटं बोलतंय हो."

 वेळ सुहैरनंच वाचून दाखवली होती. परक्या देशातला गरीब माणूस. त्याच्यासाठी कोण भांडणार? खून शाबीत झाला तर सरळ फास होता.

दुसऱ्या दिवशी वदाहचा निरोप आला: रडणं पुरे, शेवटचा प्रसंग साफ करून द्या, ईदला पहिला भाग गेलाच पाहिजे, रिहाबला हीच श्रद्धांजली.

सुहैर स्टुडिओत आली. दारावर तिनंच पाच वर्षांपूर्वी चिकटवलेला कागद होता: 'रमजानमध्ये आवाज घेणं फक्त रोजा सुटल्यावर. कुणीही वाद घालू नये.' तिनं कानांवर हेडफोन चढवले.

प्रसंग साधा होता. जवाद होडीत पाय ठेवतो, काठावर आई उभी. "मागं वळून बघू नकोस, आई. तू बघितलंस की मला निघवत नाही."

सुहैरचे डोळे भरून आले, पण हात सवयीनं चालत राहिले. शब्दांच्या मधे बारीक चट् चट् आवाज होते, नख तुटल्यासारखे. उघड्या कानांना कधीच ऐकू यायचे नाहीत. एकेक खुडून काढावे लागतात. अकरा. सतरा. 'निघवत नाही'नंतरच्या शांततेत एक लांबलचक गुरगुर होती, कुणाच्यातरी पोटातली. तीही काढायला तिनं बोट पुढं नेलं.

चोवीस. एकतीस.

तिचा हात थांबला. तिनं गेल्या आठवड्यातली रिहाबची रात्रीची ध्वनिमुद्रणं काढली, ओळीनं ऐकली. मग खुडलेलं सगळं होतं तसं परत ठेवलं आणि हेडफोन उतरवले.

वर येऊन मागच्या दाराला कुलूप घालून ती रिहाबच्या घरी गेली. मातमासाठी मांडलेल्या खुर्च्यांवर बायका कडू कॉफी पीत होत्या. रिहाबची आठ वर्षांची लयान पलंगाखाली बसली होती. सुहैरही वाकून आत शिरली.

"खाला, ईदला जवाद दाखवणार?"

"दाखवतील गं."

"मला सगळं माहितेय. सातव्या बेटावर त्याचे अब्बा नसतात. तिथं नुसता आरसा असतो. मामानं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलंय, मी झोपत नव्हते तेव्हा."

"मामानं म्हणजे तुझ्या आईनं?"

"मग काय! रोज एक बेट. मी म्हटलं, बेटं वाढव, तर म्हणाली, तू झोप आधी."

सुहैरनं तिला जवळ ओढलं. पहिल्या भागाची नावांची पाटी तिनं पाहिली होती. 'कथा आणि संवाद: वदाह.' सातव्या बेटावर काय आहे ते माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, असं तो चॅनेलवाल्यांना मिरवून सांगायचा.

दुपारी तीनला तिनं कॅप्टन जुहदीला स्टुडिओत बोलावलं. वदाह आधीच येऊन बसला होता.

"झालं का साफ?" त्यानं विचारलं.

"नाही. तसंच ठेवलंय. कॅप्टनसाहेब, हे कानाला लावा."

जुहदीनं ऐकलं. भुवया चढल्या. "हे चट् चट् काय आहे?"

"कोरडं तोंड. पहाटेपासून पाणी नाही, जीभ टाळूला चिकटते, सुटताना वाजते. म्हणून तर रमजानमध्ये आम्ही दिवसा आवाज घेत नाही. माझ्या मशीनवर रिहाबची रात्रीची नऊ मुद्रणं आहेत. सगळ्यांत मिळून चार चट्. या एकट्या प्रसंगात एकतीस. आणि ही पोटाची गुरगुर ऐका. दोन कतायेफ आणि दोन पेले पाणी पोटात असलेली बाई अशी बोलते?"

"उम्म नाया, तू आता पोटावरून खून शोधणार?" वदाह हसला. "मशीनवर वेळ आहे. तूच वाचलीस."

"मीच वाचली, तीच चूक झाली. फाइल कधी जन्मली एवढंच मशीन सांगतं. तोंड कधी उघडलं ते नाही. तुम्ही दुपारी तिला बोलावलंत. मी नव्हते, म्हणजे वाद घालायला कुणी नव्हतं. आशूर चारला मशिदीत गेला, त्यानंतर ती आली. प्रसंग झाला, मग भांडण झालं, आणि ती जिन्यावरून खाली पडली. रात्री तुम्ही एकटे आलात. दुपारचं मुद्रण एका मशीनमधून वाजवलंत, दुसऱ्यात उतरवलंत, आधीचं पुसलंत. पेला अर्धा करून ठेवलात. ते आवाज तुम्हाला ऐकूच आले नाहीत, उस्ताज. ते साफ करायला मी होते ना कायम."

"भांडण कशावरून?" जुहदीनं विचारलं.

"जवाद तिचा होता. लेकीला झोपवताना रचलेला. पाटीवर नाव यांचं आहे. सातव्या बेटावर काय आहे ते तिच्या मुलीनं मला आत्ता सांगितलं, ते लिहून ठेवलंय. यांचं लिखाण उघडा आणि ताडून बघा."

"लेकरांच्या गप्पा!" वदाह म्हणाला. "तिनं खाल्लं, माझ्यासमोर खाल्लं."

जुहदीनं फोन उचलला. "डॉक्टर, ती जिन्यातली बाई. पोटात काय होतं? हो, पूर्ण अहवाल ईदनंतर, ठाऊक आहे. आत्ता सांगा." तो ऐकत राहिला. फोन ठेवला.

"काही नाही," तो हळू म्हणाला. "खजुराचा कणसुद्धा नाही. तिनं रोजा सोडलाच नव्हता."



"ती म्हणाली, ईदच्या आधी चॅनेलला सांगते." वदाहचा आवाज एकदम म्हातारा झाला. "अठरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी लागत होतं. मी नुसता हात धरला तिचा. तिनं हिसडा मारला."

"मग डॉक्टर का नाही बोलावला?"



"या तळघराला जिन्याशिवाय दुसरी वाट नाही," सुहैर म्हणाली. "रात्री आत येताना तुम्ही तिला ओलांडलंत. जाताना परत ओलांडलंत."

वदाहनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. जुहदीनं ते हात खाली ओढले आणि बेड्या घातल्या.

आशूर सुटला तेव्हा संध्याकाळची बांग व्हायला थोडाच वेळ होता. तुरुंगाच्या फाटकाशी सुहैर उभी होती, कडेवर नाया. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता. तिनं माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यानं हात वर केला.

"राहू द्या, बाई. मी एवढंच म्हणत होतो की रात्री ती आली नाही. तीनदा विचारलं, तीनदा सांगितलं. त्यांनी नीट लिहूनही घेतलं." त्यानं नायाच्या गालाला बोट लावलं. "मग म्हणाले, ती आली नाही हे तुला एवढं पक्कं ठाऊक, म्हणजे मारणारा तूच."