पिवळ्या रेघांची खोली

जुळे सोलापुरातल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं तेव्हा यशोदाबाईंनी मुलाकडे एकच गोष्ट मागितली होती. खाली, पूर्वेला खिडकी असलेली एक खोली. प्लॉट त्यांच्याच नावावर होता. मंजूर नकाशात खोली आली, खिडकी आली, भिंतीही उभ्या राहिल्या. मग कमलाकरला तिथं दुकानाचा गाळा हवासा वाटू लागला. गेल्या दिवाळीत आईला अर्धांगवायू झाला होता. अंथरुणात पडलेल्या माणसाला खिडकी काय आणि भिंत काय!

"किरकोळ बदल आहे," तो इंजिनिअर पूनमला म्हणाला. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला किरकोळ हा शब्द फार उपयोगी पडत आला होता.

पूनमनं सुधारित नकाशा काढला. पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांनी दाखवतात. त्याच्यासमोरच तिनं पिवळी पेन्सिल घेऊन पुढची खोली, आजींची, रंगवली. "आजींना नीट समजावून सांगा, मग सही घ्या," ती म्हणाली.

त्यानं समजावलं नाही. भाड्याच्या घरात आईच्या उशाशी बसून त्यानं नकाशाची घडी अशी धरली, की सहीपुरतीच जागा दिसावी.

"माझी खिडकी आहे न्हवं?"

"आहे की."

तिनं धड असलेल्या उजव्या हातानं सही केली. मग तोच हात घडीत सरकवून ती कागद चाचपत राहिली. त्याला तो हात उचलून बाजूला करावा लागला. तिच्या बोटांना पिवळं लागलं होतं.

सोमवारी महापालिकेत बांधकाम विभागातल्या बाईंनी नकाशा उलगडला. "मागची बेडरूम पाडताय?"

कमलाकर वाकला. मागची खोली, त्याची स्वतःची, पिवळ्या रेघांनी भरली होती. आईची खोली कोरी होती.

"मी पुढचीच रंगवली होती काका," पूनम फोनवर म्हणाली. "तुम्ही बघत होता की."

तो भडकला. परवानगी मागाहून बघू म्हणत त्यानं धुळाप्पा गवंड्याला फोन लावला आणि उद्या सकाळी पुढची खोली पाडायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो साइटवर गेला. पुढची खोली जशीच्या तशी होती. मागं विटांचा ढीग पडला होता.

"कुणी सांगितलं तुला हे?"

धुळाप्पा बावरला. "तुमच्या आईनं की. सकाळी हितं हुबं राहून दावलं. भिंतीवर रेघा बी त्यांनीच वडल्या."

"माझी आई उठून बसत नाही."

"चालत आल्या, साहेब. बोटानंच वडल्या. लई सरळ."

कमलाकरनं एक वीट उचलली. पिवळी रेघ अंगठ्यानं घासली. गेली नाही.

घरी आई सकाळी होती तशीच उताणी पडली होती. तिच्यावर ओरडायचं ठरवून तो आत आला होता, पण त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती.

"आई, तुझी खिडकी आहे."

"ठाऊक आहे मला."

तिनं त्याला जवळ बोलावलं. लहानपणी फिरवायची तसा कपाळापासून हनुवटीपर्यंत हात फिरवला. बोटं गार होती.

तो बेसिनपाशी गेला. आरशात बघून तोंडाला तीनदा साबण लावला.

गालावर चार तिरक्या पिवळ्या रेघा तशाच होत्या, सारख्या अंतरावर.