उसन्या कातडीचा काठ

उसनी कातडी चाळीसेक दिवस जगते. अनसूयाबाईंच्या उजव्या टाचेवरची एकतिसाव्या दिवशी चिंचोक्याएवढी उरली होती.

साखरेच्या आजारात जखमेच्या कडेच्या पेशी पेंगत राहतात, भरून काढायचं काम विसरतात. म्हणून आता रक्ताच्या निरोगी नातलगाच्या पेशींचा पातळ थर जखमेवर लावतात. तो रसायनांच्या हाका घालून पेंगणाऱ्यांना जागं करतो आणि आपली कातडी जुळून आली की सुकून गळतो. येवल्यात त्यालाच उसनी कातडी म्हणत.

ही कातडी भालूची, त्यांच्या एकुलत्या लेकाची. पाच वर्षांपूर्वी आईच्या डाव्या पायाच्या जखमेसाठी त्याने दंडावरचा मसुराएवढा तुकडा दिला होता. पुढच्याच वर्षी घाटात गाडी दरीत कोसळून तो गेला. आता हातमागाची पावडी पायाने दाबून दाबून बाईंची उजवी टाच फुटली; बधिर पायाला ते कळलंच नाही. दवाखान्याच्या शीतपेटीतली भालूच्या पेशींची शेवटची कुपी तिथे लागली.

आई गोरी, लेक सावळा. लहानपणी त्या त्याला तव्यावर विसरलेली भाकरी म्हणायच्या. टाचेवरचा तुकडाही तसाच निघाला. रोज दुपारी रिकाम्या घरात त्या पाय मांडीवर घेत आणि त्याला गल्लीतल्या खबरी सांगत.

डॉक्टर तांबोळींनी पट्टी सोडली. “मावशी, भरत आलीये. आठवडाभर मागावर बसू नका, झालं.”

“आणि हा?”

“कोण?”

बाईंनी टाचेकडे बोट केलं. मग डॉक्टरांनी समजावलं, की जखम उघडी आहे तोवरच त्या पेशींना खालून पोषण मिळतं. त्या परत काढून ठेवता येत नाहीत. जखम चिघळली तर पायच काढावा लागेल, हेही सांगितलं.

“म्हणजे मी बरी झाले की तो जाणार.”

“मावशी, नुसत्या पेशी आहेत त्या.”

“असतील. पण एकदा अग्नी दिलाय मी त्याला, एकटीनं. परत नाही व्हायचं माझ्याच्यानं.”

डॉक्टर पट्टी बांधत राहिल्या.

घरी येऊन अनसूयाबाईंनी ती पट्टी सोडली. चारी बाजूंनी गोरा काठ आत सरकत होता, मध्ये सावळा ठिपका. जन्मभर त्यांनी काठ विणले, पण इतका घाईचा एकही नव्हता. त्यांनी ठिपक्यावर तळवा ठेवला. ऊब लागली, त्याची की आपली, कोण सांगणार?

मग त्या मागाखालच्या, पाय सोडून बसायच्या खड्ड्यात उतरल्या. ठिपका जपून, टाचेची नवी गोरी कड तेवढी पावडीवर टेकवली आणि सगळा भार दिला.

दुखलं असतं, तर कदाचित थांबल्या असत्या.