एकशे दहा, सत्तर

मंगळवार म्हणजे गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस. मोहिनी सिस्टर सावद्याहून सकाळच्या एसटीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि केळीच्या बागांमधल्या वाटेनं उपकेंद्राकडं चालू लागली. पिशवीत लोहाच्या गोळ्या, जेवणाचा डबा आणि नवंकोरं बीपीचं यंत्र. चैत्र सरत आला होता, ऊन आग ओकत होतं. यात भुताखेताचं काय आलं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. ऐकताना मीही तेच म्हटलं होतं.

आधी यंत्राचं सांगतो. जुन्या यंत्राची रबरी नळी फुटून सात महिने झाले होते. वर तीनदा कळवलं, तीनदा ‘पाठवतो’ असं उत्तर आलं. पण कार्डावरचा रकाना काही मोकळा ठेवता येत नाही. मोकळा दिसला की साहेब झाडतात. म्हणून मोहिनी सगळ्यांच्या कार्डावर एकच आकडा लिहायची. एकशे दहा, सत्तर. साधा, सरळ, कुणाला घोर न लावणारा आकडा.

त्या बायांत मंदाबाईची सून ज्योती होती, पहिलटकरीण. दर खेपेला ती बांगड्या वर सारून आपणहून दंड पुढं करायची आणि पट्टी नाही का बांधत, असं विचारायची. तुला काय धाड भरलीय, म्हणून मोहिनी हसण्यावारी न्यायची. शेवटच्या खेपेला तिच्या पायांवर सूज होती, डोकं ठणकतं म्हणाली. मोहिनीनं मीठ कमी खायला सांगितलं आणि चौथ्यांदा तोच आकडा लिहिला. माघातल्या एका सकाळी ज्योतीला आकडी आली. घरच्यांना वाटलं, अंगात आलं. कांदा हुंगवला, लिंबू उतरवलं. गाडी येईपर्यंत ती आणि पोटातलं, दोघंही गेली. चौकशीला आलेल्या साहेबांनी कार्ड पाहिलं, चारही वेळा बीपी उत्तम. ‘अचानक झालं’ असं लिहून, चहा घेऊन ते गेले. आणि बघा, त्यानंतर आठ दिवसांत नवं यंत्र आलं.

मोहिनीला रडू यायला हवं होतं, पण येईना. जेवायची, डोकं विंचरायची, एसटी धरायची. आतून मात्र सगळं बधिर होऊन गेलं होतं.

नव्या यंत्रावर पहिल्या मंगळवारी अकरा बाया तपासल्या. अकराही जणींचा आकडा एकशे दहा, सत्तर. दुसऱ्या मंगळवारीही तेच. तिसऱ्या खेपेला तिनं झुलाल आबांना बोलावलं. बीपीच्या गोळ्या दहा वर्षं खाणारा हा म्हातारा. त्यांचाही एकशे दहा, सत्तर. आबा खूश होऊन गेले, म्हणाले, गोळ्या बंदच करतो आता.

आज चौथा मंगळवार. बाया यायच्या आधी मोहिनी उपकेंद्राच्या मागच्या बागेत शिरली. आत पाऊल टाकलं की ऊन संपतं. ओला अंधार, ठिबकच्या नळ्यांची टिपटिप, कुजल्या पानांचा वास. केळीच्या खोडापाशी फुटलेलं एक पिल, नवं कोवळं रोप होतं, बाईच्या दंडाएवढं. तिनं त्याला पट्टी बांधली, कानात नळ्या घातल्या, हवा भरली आणि हळूहळू सोडत गेली. काटा एकशे दहावर आला आणि आत ठोका पडला. टक... टक... टक... सत्तरावर थांबला. तिनं पट्टी सोडली, घडी घातली आणि ती परत येऊन टेबलाशी बसली. आपल्याला भीतीसुद्धा वाटली नाही, याचंच तिला वाईट वाटलं.

दुपारी प्रमिलाबाई आपल्या सुनेला, पुनमला, घेऊन आल्या. आठवा सरत आलेला. पुनमचं तोंड सुजलेलं, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं मधूनच अंधारी येते म्हणाली. मोहिनीनं पट्टी बांधली. एकशे दहा, सत्तर. प्रमिलाबाईंनी हुश्श केलं.

“चांगलं हाये ना बाई? मंग नेतो घरी. उन्हात काहून हिंडवू तिले?”

मोहिनी पेन धरून बसून राहिली. आकडा लिहिला की पुनम घरी जाणार. नाही लिहिला, तर नव्या यंत्रावर मोजता का आलं नाही, हा प्रश्न येणार, आणि त्याच्या पाठोपाठ, मग फुटक्या नळीवर आधी कसं मोजलं म्हणून, ज्योतीचं कार्ड बाहेर निघणार. नोकरी गेली म्हणजे गेलीच. शेवटी तिनं रकान्यात लिहिलं, ‘बीपी मोजता आलेलं नाही. सूज, डोकेदुखी, अंधारी. ताबडतोब पाठवत आहे.’ खाली सही केली आणि गाडीला फोन लावला. गावातली आशा कार्यकर्ती सुलक्षणा लग्नाला गेलेली, बाया खोळंबलेल्या, त्यामुळं मोहिनीला सोबत जाता येईना. प्रमिलाबाईंना गाडी लागते म्हणून त्या कुरकुरत पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. मागं पुनम एकटीच.

संध्याकाळी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. एकशे सत्तर, एकशे दहा होतं. सुई देऊन लगेच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. अर्धा तास जरी घरी काढला असता तर काही खरं नव्हतं, असं ते म्हणाले.

त्या रात्री मोहिनी पोटभर रडली. पुढच्या मंगळवारी यंत्रावर दर बाईचा आकडा वेगळा आला. झुलाल आबांचा तर एकशे साठ निघाला आणि गोळ्या बंद केल्याबद्दल त्यांना बोलणी बसली. सुटले एकदाची, असं मोहिनीला वाटलं. वाटणारच हो.

बाराव्या दिवशी ती पुनमला बघायला तिच्या घरी गेली. बाळ मांडीवर दूध पीत होतं. पुनम मोहिनीच्या मागं दाराकडं बघत म्हणाली, “ताई, ती बाई नाही आली का?”

“कोण बाई?”

“तुमीच तं बसवली व्हती मांगं माह्याजोळ. लय चांगली. माह्या दंडाले घट्ट धरे, मंग हळूहळू सोडे... पुन्हा धरे. दवाखाना येईलोक तेच करे. तीबी पोटुशीच व्हती. म्या पुसलं, कितवा महिना? तं म्हने, नववा सरला... पन माह्यं कोनी मोजलंच नाही.”

पुनमनं बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं.

“उतरताना तुमचं घर इचारे. म्या सांगून देल्लं, सावद्याले, टाकीच्या मांगं, निळं दार... सांगाले नको व्हतं का, ताई?”

“नाही,” मोहिनी म्हणाली. “बरं केलंस.”