तातडीचंच पत्र हरवतं

चौथं पत्र हरवलं तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि मास्तरांच्या लेकीला दोन वाजता बाळंतपणाच्या ऑपरेशनला न्यायचं होतं.

मास्तर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. उभा जन्म पोरांना सरळ रेघ शिकवण्यात गेला, पण आज रुग्णालयाच्या कँटीनमध्ये हातातला कप सरळ राहत नव्हता. शेजारी त्यांची धाकटी बहीण बसली होती. खासगी तपासाचं काम करायची. अंगानं बारीक, बोलण्याला टोक. सगळे तिला टाचणीच म्हणत.

समोर जावई उभा. इथली संगणकावरची पत्रं ज्यातून जातात, तो मेल सर्व्हर त्याच्याकडे होता.

"तीन आठवड्यांत चार पत्रं गेली, आत्या. वॉर्डातून रक्तपेढीला पाठवलेली, रक्त मागणारी. रोजची शेकडो सुखरूप पोचतात आणि ज्याचा जीव टांगणीला, नेमकं त्याचंच नाहीसं होतं. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, कुणीतरी निवडून करतंय. आणि निवडू शकणारा मी एकटाच."

"मशीन काय म्हणतं?"

"डिस्कवर लिहिता आलं नाही म्हणतं. डिस्क अर्धी रिकामी आहे. दोनदा नवी घातली, नवीचंही तेच रडगाणं. दहा मिनिटं हात आखडते, मग शहाण्यासारखी लिहायला लागते."

"मग फोन करा ना!" मास्तर कळवळले.

"तोंडी निरोपावर रक्त सोडत नाहीत, बाबा. आणि पत्र हरवलंय हे कळायला तर हवं! वॉर्डात 'गेलं' दिसतं, रक्तपेढीत काहीच दिसत नाही. दोघं एकमेकांची वाट बघतात. तिसऱ्या पत्राच्या वेळी चाळीस मिनिटं गेली. तो माणूस अजून शुद्धीवर नाही."

दोनच्या ऑपरेशनात तातडीनं रक्त लागलं, तर असंच एक पत्र निघणार होतं, आणि त्यावर मास्तरांच्या लेकीचं नाव असणार होतं.

"चल दादा," टाचणी उठली. "घाबरायचं ते चालता चालता घाबर."

सर्व्हरची खोली म्हणजे रक्तपेढीच्या पाठीचा चिंचोळा तुकडा. मधे प्लायवुडची भिंत. त्या भिंतीलाच सर्व्हरचं कपाट स्क्रूनं आवळलेलं, कडीला किल्ल्यांचा जुडगा. टाचणीनं भिंतीवर टिचकी मारली. भिंत डफासारखी बोलली.

वॉर्डातल्या परिचारिकेनं मान वर न करताच उत्तरं दिली.

"आधी काय जातं, सिस्टर? तपासणीच्या रक्ताची नळी की पत्र?"

"नळी. माणूस ती घेऊन पळतो, मग मी बसून पत्र लिहिते. रोजचं असेल तर पत्रं आदल्या दिवशीच गेलेली असतात. माझ्यावर संशय असेल तर स्पष्ट बोला, मला सलाइन बदलायचंय."

"तुमच्यावर नाही. बदला."

रक्तपेढीतला तंत्रज्ञ जावयाला पाहताच म्हणाला, "या पोस्टमास्तर! आज कुणाचं पत्र गिळलंत?"

जावयाचा चेहरा उतरला. टाचणीनं टेबलावरच्या जुनाट यंत्राकडे बोट केलं. टेबल प्लायवुडच्या भिंतीला चिकटून होतं.

"ही आमची म्हातारी," तंत्रज्ञ म्हणाला. "नळ्या गरगर फिरवते. लाल खाली बसतं, पिवळं पाणी वर येतं. सकाळी एकदम चाळीस नळ्या फिरवतो. तातडीची आली की एकटीच, दहा मिनिटं. आताशा फार थरथरते बिचारी. वय झालं."

"एकटीच?"

"वजनाला समोर जोडीदारीण असते हो. पाणी भरून ठेवलेली." त्यानं स्टँडमधल्या नळीकडे मान हलवली. तिला अंगभर लाल चिकटपट्टी. "कुणी चुकून रक्ताची समजू नये म्हणून गुंडाळली. सहा महिने तीच आहे."

कोपऱ्यात साफसफाईच्या मावशी बेसिन घासत होत्या. तीन आठवड्यांपूर्वीच लागलेल्या.

"मावशी, तुमचा हात इथं सगळीकडे फिरतो?"

"सगळीकडे!" मावशी फुलल्या. "आले त्या दिवशी काय अवकळा होती! बाटल्या, नळ्या, भांडी, जिथंतिथं शिळं पाणी. सगळं उपसून काढलं, पुसून जिथल्या तिथं ठेवलं. मला साचलेलं पाणी बघवत नाही."

टाचणी काही बोलणार, तोच दार धाडकन उघडलं. नळी घेऊन आलेला माणूस धापा टाकत होता. "बाळंतीण! रक्तस्राव सुरू झालाय, दोनची वाट नाही बघत, आत घेतलंय तिला!"

नळीवरचं नाव मास्तरांनी वाचलं. त्यांच्याच लेकीचं नाव.

तंत्रज्ञानं नळी बसवली, समोर लाल पट्टीवाली बसवली, झाकण लावलं. म्हातारी गुरगुरली, मग थडथडायला लागली. भिंतीपलीकडून बारीक आवाज आला. खुळखुळ, खुळखुळ.

"कुणी आलंय का तिकडं?" मास्तरांचा आवाज फाटला.

"कुणी नाही. किल्ल्या आहेत." टाचणी ओरडली, "बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

यंत्र थांबलं. तिनं लाल पट्टीची नळी काढली, बूच उपटलं, उलटी धरली. खाली काहीच पडलं नाही.

"पाणी भरा. दुसऱ्या नळीएवढं, रेघेला रेघ. बोलणं मागून."

तंत्रज्ञानं पाणी बरोबर भरलं. म्हातारी पुन्हा फिरली. आता नुसती गुणगुणत होती. पलीकडच्या किल्ल्या गप्प.

"ती दहा मिनिटं," टाचणी म्हणाली. नजर मात्र संगणकाच्या पडद्यावर होती, जिथं पत्र उमटायला हवं होतं. "दोन नव्या डिस्कांना एकच रोग होत नाही. रोग बाहेरचा होता, आणि दहा मिनिटांचा. इथं दहा मिनिटं काय चालतं? तातडीची नळी. जोडीदारीण रिकामी, म्हणून यंत्र एका अंगाला झुकून थडथडतं. टेबलाचं भिंतीला, भिंतीचं कपाटाला. डिस्कमधली सुई केसाएवढ्या वाटेवर लिहिते, दादा. हलत्या बाकावर तुला तरी सरळ रेघ आली असती?"

"पण तातडीचंच पत्र का?" जावयानं विचारलं.

"नळी आधी पोचते. ती फिरत असताना वर पत्र लिहून होतं, आणि बरोबर त्याच दहा मिनिटांत येऊन धडकतं. रोजच्या चाळीस नळ्या एकमेकींना तोलतात, त्यांना जोडीदारीण लागत नाही. कुणी निवडत नव्हतं. घाईच निवडत होती."

पडदा कोराच होता.

मग एक ओळ उमटली. लेकीचं नाव. रक्ताच्या दोन पिशव्या, तातडीनं.

"लिहिलं!" जावई ओरडला.

पुढची तपासणी उरकून तंत्रज्ञानं पिशव्या दिल्या, आणि त्या घेऊन जावई स्वतःच जिन्यानं वर पळाला.

मावशी मात्र बेसिनपाशी दगडासारख्या उभ्या होत्या. "म्हणजे मीच ओतलं ते? रक्ताविना राहिलेला तो माणूस शुद्धीवर नाही म्हणतात, तो माझ्यामुळं?"

"पट्टी मी गुंडाळली," तंत्रज्ञ हळूच म्हणाला. "आत काय आहे ते दिसेना असं मीच केलं. आणि तीन आठवडे थरथरतेय म्हणून नुसता हसलो. डॉक्टरीणबाईंना मीच सांगतो."

टाचणीनं त्यांना खोटा धीर दिला नाही. "तो माणूस उठेल की नाही, मला ठाऊक नाही, मावशी."

मास्तर बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. वर जायचं धाडस होईना. थोड्या वेळानं मावशीही येऊन एक पायरी खाली बसल्या. ओला हात पदराला पुसत राहिल्या, हात कोरडा झाला तरी. वरून पावलं वाजली की दोघंही अंग चोरत.

किती वेळ गेला कोण जाणे. वरच्या कठड्यावरून परिचारिका वाकली.

"आई बरी आहे. पोरगी रडली. आजोबा कोण आहेत इथं?"

मास्तरांनी इकडंतिकडं पाहिलं. दुसरा कुणी आजोबा दिसेना.

"अहो," मावशी रडत रडत म्हणाल्या, "उठा की. तुम्हीच."