जुन्या पाड्याचं मत

मे महिन्यातली दुपार कलली होती, तेव्हा रुचिताने स्कूटी अंगणात काढली. भातसानगरच्या धरण कॉलनीत तिच्या पुस्तकावर चर्चा ठेवली होती. शेणव्याच्या शाळेत शिकवता शिकवता तिने चार वर्षांत भुताखेतांच्या गोष्टी लिहिल्या होत्या आणि त्यांचं हे पहिलंच पुस्तक. वाचक काय म्हणतात ते आज समोर बसून ऐकायचं होतं. नवरा जगदीश कामावर गेला होता. सासरे, धाऊबाबा, मात्र धुतलेला सदरा घालून आधीच अंगणात येऊन उभे होते.

"बाबा, ऊन आहे. कशाला येताय?"

"मी नाय ऐकल्या व्हय तुझ्या गोष्टी? सगळ्या ऐकल्यात. मी पण वाचकच."

ते खरंच होतं. बाबांना अक्षरओळख नव्हती. रुचिता एकेक गोष्ट लिहून झाली की ओटीवर बसून त्यांना वाचून दाखवायची. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "बरी हाय. भ्या नाय वाटत."

कॉलनीतल्या वाचनालयात पंखे घरघरत होते. जमलेली मंडळी प्रेमळ होती. वाचनालय बघणारे कुंडलिक सर म्हणाले, मुखपृष्ठ झकास आहे, अक्षर जरा मोठं हवं होतं. एक गृहस्थ म्हणाले, डोळखांबच्या घाटात मोबाइलला रेंजच नसते, मग गोष्टीतल्या मेलेल्या माणसाचा फोन लागला कसा? सगळे हसले, रुचिताही हसली. दवाखान्यात काम करणारी प्रियांका तेवढी उठून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका. मी रात्रपाळीला मुद्दाम वाचलं. आणि मग शांत झोपले."

शाल मिळाली, वेफर्स मिळाले, फोटो झाले. परत निघताना रुचिताने मनाशी ठरवून टाकलं, की दुसरं पुस्तक अर्धं झालंय तसंच ठेवून द्यायचं. ज्या भयकथा वाचून माणसं शांत झोपतात, त्या लिहायच्या कशाला?

धरणाच्या कडेचा रस्ता सुनसान होता. उन्हाळ्याने पाणी खूप खाली गेलं होतं आणि काठाची भेगाळलेली माती उघडी पडली होती. एका वळणावर बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

"थांबव गो. त्यांना पण इचारू."

"कुणाला?"

"मी शेळ्या आणतो ना इकडं, तवा तुझ्या गोष्टी सांगतो मोठ्यानं. ऐकणारे हायत. त्यांचं मत नको तुला?"

शेळ्यांचं मत, असं म्हणून रुचिता हसली. बाबांचा जुना पाडा इथेच कुठेतरी खाली होता, हे तिला ठाऊक होतं. धरण भरलं तेव्हा बाबा ऐन विशीतले. पाडा उठला, माणसं चार गावांत पांगली आणि तिकडेच म्हातारी होऊन गेली. बाबांना घटकाभर बसायचं असेल, असं वाटून तिने स्कूटी उभी केली.

दोघं उतारावरून खाली निघाले. ओल्या गाळाचा वास येत होता, आणि त्यात मिसळून दुसराही एक. चुलीवर नाचणीची भाकरी शेकत असल्यासारखा. मग बायकांचं हसणं ऐकू आलं. पाण्याच्या अगदी कडेला एक वठलेलं झाड उभं होतं. त्याच्या भोवती घरांचे जुने चौथरे उघडे पडले होते आणि चौथऱ्यांवर माणसं बसली होती. दहा-पंधरा असतील. मासे धरायला आलेली असतील, असं तिला वाटलं.

"आली गो, गोष्टीवाली आली," एक म्हातारी हाताने जागा झाडत म्हणाली. "बस. मी रंगू, धाऊची चुलतबहीण."

रुचिता बसली. दगड थंडगार होता. एवढ्या उन्हात…

आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. तिच्या पुस्तकावर असं कुणी बोललं नव्हतं. कंडक्टरची गोष्ट कुणाला एवढी आवडली होती की त्याने उठून कंडक्टरची चाल करून दाखवली. घुबडाच्या गोष्टीतली सून मूर्ख आहे, तिने दार उघडायलाच नको होतं, यावर दोन बायकांचं जोरात वाजलं. विहिरीची गोष्ट पुन्हा सांग, असा एकीने धाऊबाबांकडे हट्ट धरला. रुचिता गालात हसत एकेकाकडे बघत होती. कॉलनीतली शाल खांद्यावरून कधी घसरली ते तिला कळलंही नाही.

"पन एक सांगू?" रंगू म्हणाली. "तुझी भुतं सारखी रागावलेली का असतात गो?"

"भुतं म्हटली की… रागावलेलीच असतात ना, आत्या?"

"राग कसला राहतोय? राग नाय राहत, भूक नाय राहत. गोष्ट ऐकायची हौस तेवढी राहते."

हशा पिकला. मागच्या चौथऱ्यावरून एक जाड आवाज आला. "आनि त्या विहिरीच्या गोष्टीत पान्याखाली काळोख लिवलायस. काळोख नसतो. हिरवं ऊन असतं. दुपारी तर लय बेस."

रुचिता आवाजाकडे वळली. कानावर पांढरे केस, पुढचा एक दात पडलेला. सावळारामकाका. तिच्या लग्नात हेच पंगतीत वाढत होते. आणि दोन वर्षांपूर्वी यांच्याच दहाव्याला तिने भाताचं मोठं पातेलं उतरवलं होतं…

हसू तोंडावरच राहिलं. तिने हळूच खाली पाहिलं. उन्हं तिरपी झाली होती, झाडाची सावली लांब पडली होती, तिची आणि बाबांची सावलीही पडली होती. बाकी चौथरे लख्ख उन्हात होते.

"बाबा…" ती पुटपुटली. "हे…"

"भिऊ नको," बाबा हळूच म्हणाले. "आपलीच हायत."

उठून पळावं, असं तिला वाटलं. पण रंगूआत्या तिच्याकडे बघत होती, ते कुणी कौतुकाने भाचीकडे बघावं तसं. भीती होती, चांगली खरीखुरी होती, तरी त्या भीतीच्या पलीकडे तिला आणखी ऐकायचं होतं. ती बसून राहिली. त्या घुबडाच्या गोष्टीत काय चुकलं, ते तिने स्वतःहून विचारलं. पुन्हा गलका झाला.

सूर्य डोंगराला टेकायला आला, तेव्हा हौसा नावाची एक बाई धाऊबाबांना म्हणाली, "धाऊ, आता कशाला जातोस? तुझी जागा ठेवलीय."

दोन चौथऱ्यांच्या मध्ये जमीन शेणाने सारवलेली होती. ताजी. बाबा त्या जागेकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर असं सुख रुचिताने कधी पाहिलं नव्हतं. ते उठले, दोन पावलं गेले आणि सारवलेल्या जागेवर बसायला वाकले.

"बाबा, नको…"

त्यांनी ऐकलं नाही. मग एकदम काहीतरी सुचलं आणि ती रंगूकडे वळली.

"आत्या, दुसरं पुस्तक अर्धं झालंय. बाबा इथे राहिले, तर ते तुम्हाला सांगणार कोण?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. पाण्याचाही आवाज थांबला. बाबा अर्धे वाकलेले तसेच होते.

"त्यात भुतं हसतील?" रंगूने विचारलं.

"हसतील."

"पान्याखाली ऊन असेल?"

"असेल. हिरवं."

रंगूने हौसाकडे पाहिलं. हौसाने नाक मुरडलं, पण हसली. "उठ रे धाऊ. पुस्तक ऐकून ये मग. आमाला घाई नाय."

रुचिताने बाबांचा हात धरला आणि मागे न बघता चढ चढली. वर पोचल्यावर तिने वळून पाहिलं. वठलेलं झाड, रिकामे दगड, पाणी. हसणं तेवढं अजून ऐकू येत होतं. ते हळूहळू विरलं. स्कूटीवर बाबा घरापर्यंत पोरासारखे बडबडत होते. कोण कसा खोडकर होता, कुणाचं लग्न कुणी मोडलं. रुचिता रडत होती आणि हसतही होती. शाल खालीच राहिली होती, तिचं तिला काही वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात ती झपाटल्यासारखी लिहीत राहिली. बाबा रोज ऐकायचे, आणि आता मधेच म्हणायचे, "हे रंगूला आवडंल बघ." त्यांचा गुडघा दुखायचा थांबला. जगदीश म्हणाला, घरात एवढं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. रुचिताने त्याला सगळं सांगितलं होतं. त्याने विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण रविवारी तो बाबांना धरणाच्या कडेला नेऊन सोडायला लागला, आणि वेळेवर परत आणायलाही.

पावसाळा सरत आला, भात पोटरीला आलं, त्या दिवसांतली एक सकाळ. रुचिताने शेवटची गोष्ट नुकतीच संपवली होती. लॅपटॉप तसाच उघडा ठेवून ती चहा घेऊन ओटीवर आली. बाबा काकडीचं बी निवडत बसले होते.

"शेवट चांगला केलास," ते म्हणाले.

"अजून कुठे वाचून दाखवलाय?"

"ती वाचीत व्हती ना पुटपुटत. मी दारातनं ऐकला. तू लिवीत व्हतीस, तुझ्या मागं उभी व्हती."

रुचिता हसली. "रंगूआत्या इथवर आली?"

"रंगूला वाचाय कुठं येतंय?"

"मग हौसाआत्या?"

"नाय गो." बाबांचा हात बियांवर थांबला. "मी बघितलं नीट. आपल्या पाड्यातली नव्हती ती."

रुचिताने चहाचा पेला खाली ठेवला. "मग… हसत होती का? आवडलं का तिला?"

बाबांनी मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"आताच कसं सांगू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "अजून वाचतेय."