तिसऱ्या भागातलं बंद दार

आधीच सांगते. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही आणि कुणा मित्राच्या मित्राचीही नाही. माझी आहे, माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. पटली नाही तर खुशाल पुढे सरका, पण खाली कमेंटमध्ये येऊन मला अक्कल शिकवू नका.

आणि हो, यात मध्यरात्र नाही, सुनसान रस्ता नाही, रडणारी कुत्री नाहीत.

भर दुपार होती.

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. मालकांना आम्ही सगळे डॉक्टर म्हणतो. डॉक्टर ते नाहीत, पण पांढरा कोट घालून फिरतात, मग काय म्हणणार? पन्नाशी उलटली तरी या माणसाला जुन्या गेम्सचं वेड. त्यातही एकच गेम डोक्यात बसलेला... कंदीलवाला.

चार भाग आले त्याचे. एक माणूस हातात कंदील घेऊन एका अवाढव्य रिकाम्या घरात फिरतो. बायकोला शोधतो. प्रत्येक भागात काही ना काही कोडं अर्धवट सोडलेलं. विहिरीच्या तळाशी दिवा कोण लावतं? नावाडी दर भागात म्हातारा का होतो? पाचव्या भागात सगळं कळणार होतं. पण कंपनीच बंद पडली. लोक अजून इंटरनेटवर या कोड्यांवरून एकमेकांची डोकी फोडतात.

मला हे सगळं माहीत, कारण चारही भागांचे आवाज माझ्या भाऊजींनी केलेत. पावलं, दारं, वारा... सगळं त्यांचं. डॉक्टर मला सुट्टी मागताच देतात ती याच पुण्याईवर.

मी मात्र तो गेम कधी खेळले नव्हते. ताई गेली आणि मला त्याचा खोकासुद्धा बघवेना.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. भाऊजींची बायको.

तिला लहानपणापासून दमा. त्या दिवशी ती मागच्या खोलीत इस्त्री करत होती. दाराची कडी अडकली. ती नेहमीच अडकायची. बाहेरून खांदा मारला की उघडायची, आतून नाही. भाऊजी रोज म्हणायचे, उद्या दुरुस्त करतो. आणि तिचा औषधाचा पंप राहिला पुढच्या टेबलावर.

घरात कोणी नव्हतं. भाऊजी बाहेर गेले होते. परत आले तेव्हा सगळं संपलं होतं.

आई तेव्हा त्यांना नाही नाही ते बोलली. मी मध्ये पडले. माणूस घरातच नव्हता, तो काय करणार? आईशी भांडून बोलणं टाकलं मी. तेव्हापासून दर रविवारी त्यांना डबा मी पोचवते. त्यांच्या शर्टाची बटणं मी लावलीत.

आता त्या दुपारचं सांगते.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. डॉक्टर कॉम्प्युटरवर तिसरा भाग खेळत बसले होते. मी काचा पुसत होते.

"मॅडम, इकडे या. तुमच्या भाऊजींची कमाल ऐका. सगळ्यात मोठं कोडं आहे हे."

पडद्यावर त्या घराच्या वरच्या मजल्यावरचा लांब बोळ. टोकाला बंद दार.

"या दाराची किल्ली गेममध्ये नाहीच. लोकांनी सगळं उचकटून पाहिलं. पण काही न करता नुसतं दारासमोर उभं राहायचं... आणि थांबायचं."

आम्ही थांबलो.

काहीच नाही.

"बिघडला तुमचा गेम," मी म्हटलं.

"शू..."

टक. टक.

आणि मग... खर्रर्र.

माझ्या हातातली काच खाली पडली.

टक, टक... खर्रर्र.

ताईची अंगठी सैल झाली होती. खडा फिरून तळहाताच्या बाजूला यायचा. तिने दार ठोठावलं की दोनदा टकटक व्हायचं आणि हात खाली घेताना खडा लाकडावर घासायचा. शंभर माणसांनी ठोठावलं असतं तरी मी ओळखलं असतं.

मधेच श्वास. शिट्टीसारखा. दम लागल्यावर तिच्या छातीतून यायचा तसाच.

हळूहळू टकटक मंदावत गेली... आणि थांबली.

"काय जबरदस्त आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "वरच्या मजल्यावरची बाई म्हणतात हिला. कोण आहे, आजवर कुणाला कळलेलं नाही."

मी पर्स उचलली आणि निघाले.

बसमध्ये माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आजारी बायकोची घुसमट रेकॉर्ड केली? गेममध्ये घातली? आणि मला पत्ता नाही! काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. आणि मग एक गोष्ट आठवली.

तिसऱ्या भागाचा खोका मला ताईनेच आणून दिला होता. हसत हसत. "बघ गं, यांचं नाव छापलंय."

म्हणजे ती गेली त्याच्या वर्षभर आधी.

मग तिच्या शेवटच्या दिवसाचा आवाज त्यात कसा?

ऊन उतरलं होतं तेव्हा मी भाऊजींकडे पोचले. त्यांचं घर आधीपासून शांत. काम चालू असताना चमचा वाजलेला त्यांना चालायचा नाही. फोनची घंटा बंद. त्यांचा एक नियम होता, हाक मारायची नाही. काही लागलं तर हळूच ठोठावायचं. ताईने तो नियम कधी मोडला नाही.

"आज रविवार नाही," भाऊजी म्हणाले.

"तिसरा भाग. बंद दार. आत कोण आहे?"

ते बसले. डोळे मिटले. मला वाटलं, आता म्हणतील, काहीतरीच काय चिंगे. म्हणाले नाहीत.

"शांतता आहे ती," म्हणाले. "प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. ती रेकॉर्ड करून बाकीच्या आवाजांखाली भरावी लागते, नाहीतर गेममधली खोली मेल्यासारखी वाटते. त्या दारासाठी मी आपल्या मागच्या खोलीची शांतता घेतली. तू आणि ताई त्या दिवशी आईकडे होतात."

"मग?"

"टेप अजून आहे. ऐक."

त्यांनी लावली. मी कान देऊन ऐकलं. काहीच नव्हतं त्यात. रिकामी खोली.

"टेपमध्ये नाही. गेममध्ये येतं. कसं येतं ते मला आजही माहीत नाही. पण पहिल्यांदा ऐकलं आणि ओळखलं... हिचंच आहे."

"ताईला सांगितलंत?"

"घाबरली असती."

"भाऊजी, तिला सांगितलंत का?"

"कंपनीतले सगळे खूश झाले होते गं. म्हणाले, हात लावू नकोस, असाच ठेव. लोक यावरच गेम घेतील. आणि घेतला..."

मला काय वाटलं, कसं सांगू? माझ्या बहिणीने वर्षभर आधी दार वाजवलं होतं. ज्याच्यासाठी वाजवलं, त्याने ते विकलं. तिला एका शब्दाने सांगितलं नाही. ती कडी तेवढी दुरुस्त केली असती तर? साधी कडी!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ते ऐकून घेत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं, हा माणूस अजून काहीतरी गिळून बसलाय.

"त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी टेप बंद केली.

"आईच्या तोंडावर मी सांगितलंय की तुम्ही घरात नव्हतात. कुठे होतात?"

"इथेच," ते म्हणाले. "या खुर्चीवर. गेम चालू होता. त्याच दारासमोर उभा होता कंदीलवाला. आणि ठोठावणं सुरू झालं."

"आणि तुम्ही?"

"मला वाटलं, गेममधलं आहे."

मी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"नंतर मी आवाज कमी केला," ते म्हणाले. "तरी तेवढाच येत होता."

"मग?"

"पूर्ण बंद केला."

"आणि?"

"तरी येत होता."

"मग उठलात ना? भाऊजी, मग तरी उठलात ना तुम्ही?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"उठलो. मी भ्यालो होतो, चिंगे. एवढे दिवस जे गेममध्ये होतं, ते घरात आलं असं वाटलं. मी चपला घातल्या आणि बाहेर गेलो. खोटं नाही बोललो मी कुणाशी. बाहेरच गेलो होतो."

मला त्यांच्या शर्टाची बटणं दिसत होती. मी लावलेली. एकेक तोडून टाकावंसं वाटत होतं.

आणि तेव्हा...

टक. टक.

खर्रर्र.

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

बंद होता.

टेपही थांबलेली होती.

मागच्या खोलीतून येत होतं. हळूच. नियम पाळून.

टक, टक... खर्रर्र.

"भाऊजी," मी म्हटलं. "चला. या वेळी तरी चला!"

ते उठले. मला वाटलं, येतायत.

त्यांनी दाराजवळच्या चपला पायात सरकवल्या. डावी चप्पल त्यांची फरफटते, लग्नाआधी पायाला मार बसलाय तेव्हापासून. सर्र... थप. सर्र... थप. पुढचं दार लोटलं. निघून गेले.

पुन्हा.

माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा निघून गेले.

मी एकटीच धावले. कडी अडकलेलीच होती. इतकी वर्षं झाली, या माणसाने ती दुरुस्त केली नव्हती! मी खांदा मारला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दार उघडलं.

आत कोणी नव्हतं.

इस्त्रीचं टेबल, रद्दी, बंद खिडकी. धूळ सगळीकडे सारखी. एका पावलाचाही ठसा नाही. फक्त खोलीत नुकत्याच केलेल्या इस्त्रीची ऊब होती. गरम कपड्यांचा वास येत होता. इस्त्रीची वायर मात्र गुंडाळून ठेवलेली होती.

"ताई," मी म्हटलं, "उघडलं गं मी. उशीर झाला, पण उघडलं."

मी तिथेच खाली बसून खूप रडले.

डबा बंद केलाय मी. आईकडे गेले, तिच्या पायाशी बसले, सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत होतं." भाऊजींचे फोन येतात. मी उचलत नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

गेल्या आठवड्यात डॉक्टर धावतच माझ्या टेबलापाशी आले. लहान मुलासारखे खूश.

"मॅडम, नेटवर नुसता गोंधळ चाललाय! बंद दारातलं ठोठावणं गेलं. सगळ्यांच्याच गेममधून गेलं. जुन्या डिस्कवरूनसुद्धा! आणि त्या जागी नवीन आवाज येतोय. लोक म्हणतायत, कोडं आता सुटणार."

मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही, लावलंच.

तोच बोळ. तेच दार. आम्ही थांबलो.

बराच वेळ काही नाही...

मग तो आवाज आला. या वेळी दाराच्या आतून नव्हता. दाराच्या या बाजूला, बोळात, आपल्या पाठीमागे कुणीतरी चालत होतं. आत अडकलेल्या माणसाला दारापलीकडचं ऐकू यावं, तसा दबका आवाज होता.

सर्र... थप.

सर्र... थप.

लांब लांब जात होता. शेवटी दूर कुठेतरी दार लोटल्याचा आवाज झाला.

"कोण असेल हो हा?" डॉक्टरांनी विचारलं.

मी काचा पुसत राहिले. त्यांना काही सांगितलं नाही. ताई शेवटपर्यंत काय ऐकत होती, ते मला आता माहीत आहे. ती तिथून सुटली की अजून तेच ऐकत बसलीये, हे मात्र मला कुणी सांगू शकत नाही.