मुख्याध्यापकांच्या सहीचा रकाना

दुपारी बारा ते तीन धरमपेठेतलं ते सार्वजनिक वाचनालय वाचकांसाठी बंद. पेपर वाचणारे आजोबा जेवायला जातात, कूलर एकटाच घरघरतो आणि ग्रंथपाल उन्नती डबा उघडते. त्या दिवशी झाकण उघडलं न उघडलं, तोच दारात एक उंच तरुण उभा. हातांवर तारेचे ओरखडे, सोबत दहा वर्षांची मुलगी.

"मॅडम, भाचीचं कार्ड बनवायचं होतं."

"शाळा बुडवून आणलीत?" मनानं मऊ असली तरी उन्नतीची जीभ तिखट.

"शाळाच नाही जी. नंदिनी घरीच शिकते."

शाळेत नंदिनी बोलताना अडखळायची, पोरं हसायची. पोरगी जेवेनाशी झाली, तेव्हा तिच्या आईनं, कौसल्यानं, तिला घरीच शिकवायचं ठरवलं. कौसल्या नर्स, ड्यूटी सांभाळून भाषा शिकवायची. हा मामा, अंकुश, इतवारीत पंपा-कूलरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळायचं, वाइंडिंगचं काम करायचा आणि तांब्याच्या तारेचे तुकडे पाडून अपूर्णांक शिकवायचा. पण रोज नवी पुस्तकं आणायची कुठून?

बालसभासदाच्या फॉर्मवर एक रकाना होता : मुख्याध्यापकांची सही व शिक्का. उन्नतीनं तो कोराच सोडला आणि कार्ड दिलं.

"तुमाले कोणी बोलणार नाही ना?"

"बोलले तर ऐकून घेईन. मंगळवारी दुपारी या, ॲटलास काढून ठेवते."

"फक्त ॲटलाससाठी यायचं?"

"मग काय, माझ्या डब्यासाठी?"

"वास तर चांगला येऊन राहिला…" तो म्हणाला, आणि आमच्या तिखट बाईंचे कान चक्क लाल झाले.

मंगळवारला गुरुवार जोडला गेला. ऐकून ऐकून घरी शिकणारी आणखी मुलं आली. सहा महिन्यांत नंदिनी धरून अकरा. बंद वेळेतला तो रिकामा वाचनकक्ष त्यांचा झाला. उन्नती नकाशे पसरायची, गोष्टी वाचायची. अंकुशनं वाचनालयाचा कूलर मुलांसमोर उघडला आणि मोटार कशी फिरते ते दाखवलं. पाना देताना बोटाला बोट लागलं… दोघंही कूलरकडेच बघत राहिले. एव्हाना 'मॅडम' आणि 'तुम्ही' गळून पडलं होतं, आणि उन्नतीच्या डब्यात दोन पोळ्या जास्त असायच्या.

मग वाचनालय समितीचे अध्यक्ष वामनराव यांनी फॉर्म तपासले. अकरा रकाने कोरे. त्यांनी बजावलं, "शनिवारच्या सभेत ही कार्डं रद्द होतील. दुपारची बैठकही बंद."

शुक्रवारी अंकुश गठ्ठा घेऊन आला. ओळखीच्या एका मुख्याध्यापकांकडून त्यानं अकरा नव्या फॉर्मवर सही-शिक्के आणले होते. चेहरा कसा, गड जिंकल्यासारखा.

"काहून आणलं हे?" उन्नतीचा आवाज बदलला.

"तुह्या नोकरीवर येऊन राहिलं ना…"

"आपली मुलं घरी शिकतात, यात लाज कसली? नंदिनी आता या कोपऱ्यात मोठ्यानं वाचते, अंकुश. तिच्यासाठी मी खोटा कागद लावू? घेऊन जा."

तो गठ्ठा उचलून निघून गेला. उन्नतीला फार वाईट वाटलं, पण तिनं हाक मारली नाही.

शनिवारी सगळे पालक सभेला आले. वामनरावांनी विचारलं, "शाळेची हमी नाही, तर पुस्तकांची जबाबदारी कोणाची?"

उन्नती उठणार, तेवढ्यात मागून अंकुश उभा राहिला. "साहेब, काल मी खोटे शिक्के आणले होते. मॅडमनं ते परत न्यायला लावले. चूक माही आहे, पोरांची नाही. आईबापाची सही घ्या. आम्ही राहू जबाबदार."

वामनरावांनी चष्मा पुसला. "सहा महिन्यांत किती पुस्तकं परत आली नाहीत?"

"एक," उन्नती म्हणाली. "ते तुमच्या घरी आहे, सर."

आधी हसले ते वामनरावच. मग त्यांनी फॉर्मवर 'मुख्याध्यापक किंवा पालक' असं लिहिलं आणि मंगळवार-गुरुवारची वेळ बाहेरच्या फलकावर लावायला सांगितली. उन्नतीची मान अशी ताठ झाली की काही विचारू नका.

बाहेर अंकुश स्कूटरजवळ खाली मान घालून उभा होता. "राग आहे माह्यावर?"

"होता. पण तू सगळ्यांसमोर उभा राहिलास ना… इतका अभिमान वाटला मला. वाटलं, हा माणूस माझा असावा."

अंकुशनं मान वर केली. "मले तर… पहिल्या दिवसापासून आवडते तू. पण तुह्या घरचे काय म्हणतील? मी मोटारवाला माणूस."

"रविवारी ये घरी. मोटारी दुरुस्त करतो आणि पोरांना शिकवतो, असं मीच सांगणार आहे बाबांना."

पालक बाहेर पडत होते. वामनराव पायऱ्या उतरत होते. उन्नतीनं सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरला.